वाट बघण्यातलं सुख आणि लातूरचा नळ
वाट बघण्यातच खरं सुख, हातात आलं की संपलं, असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. अर्धं पटतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं, दिवा लागला की रसाचा घोट मिळतो हे माकडाला कळलं की मेंदूतल्या डोपामाइनच्या (बक्षिसाची चाहूल देणाऱ्या रसायनाच्या) पेशी रस मिळाल्यावर नाही तर दिवा लागल्यावरच जोरात चालतात. पण रस आलाच नाही तर नेमक्या त्या वेळेला त्या थंड पडतात, हा भाग इथं कोणी काढलाच नाही.

आम्ही लातूरचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्या गल्लीत मात्र बॅरलला नंबर टाकून रात्र रात्र ओट्यावर बसायचो, हॉर्न ऐकला की सगळे उठायचे आणि टँकर पुढच्या गल्लीत वळायचा. त्या वाट बघण्यात सुख नव्हतं हो, पोटात गोळा यायचा. पुढं पावसाळ्यात मांजरा धरणात पाणी आलं आणि एक दिवस नळ फुसफुसला, आधी नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ धार, तर आई हंडा लावायचं सोडून धारेखाली हात धरून उभीच राहिली. एवढी वर्षं झाली, सवय व्हायला पाहिजे होती, पण पाणी सुटलं की ती अजूनही आधी हात धरते, मग हंडा लावते.