मदत हवी आहे: जळगावात लहान रीफ टाकी, लाइट कोणता घेऊ?

जळगाव_रीफ:
लवकर सांगा प्लीज. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले झोआ (छोटे प्रवाळ) नीट उघडत नाहीयेत, जे उघडतात त्यांच्या माना लांबल्यात. लाइट कमी पडतोय हे उघड आहे. दुकानदार ५० वॉटचा घ्या म्हणतो, ऑनलाइन १६५ वॉटचा ब्लॅक बॉक्स एलईडी स्वस्तात दिसतोय. शनिवारी भाऊ मुंबईला चाललाय, त्याच्याकडून मागवायचाय. कोणता घेऊ तेवढंच सांगा, बाकी सगळं ठीक आहे.

भुसावळचा_दादा:
भो, टाकी केवढी? पाणी किती खोल? आत्ता कोणता लाइट आहे? झोआ सोडून अजून काय आहे? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

जळगाव_रीफ:
टाकी लहानच आहे. लाइट पांढरा एलईडी, आधी झाडांच्या टाकीवर होता.

रावेर_केळी:
मी टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे. आमची केळीची रोपं लाल-निळ्या एलईडीखाली मस्त वाढतात. तोच ग्रो लाइट लावा, निम्म्या पैशात काम होईल. शेवटी प्रकाशसंश्लेषणच ना?

तापीकाठ:
केळीला चालेल, प्रवाळाला नाही. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, खाली पोचतो तो निळा. प्रवाळाच्या पेशींत राहणारं झूझँथेली शेवाळ त्याच प्रकाशाला सरावलेलं असतं. त्यातलं पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश टिपतं. म्हणून ४०० ते ५०० नॅनोमीटरचा पट्टा भरपूर असलेला लाइट हवा. लाल वाढवून बहुतेक काचेवरचं शेवाळच पोसलं जाईल.

रावेर_केळी:
आमच्या लाइटला चॅनल वेगळे आहेत. लाल पूर्ण बंद केला तर?

तापीकाठ:
मग प्रकाशाचं जमेल, पण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात. त्या बोर्डवर वॉटरप्रूफिंग आहे का बघा. मिठाने सोल्डर हिरवं पडलेलं मी पाहिलंय. टाकीवर बसणारी वस्तू आहे, शॉकचाही विचार करा.

धुळे_जुना:
एलईडीपेक्षा टी५ ट्यूब (बारीक ट्यूबलाइट) घ्या. प्रकाश सगळीकडे सारखा पडतो, प्रवाळाखाली काळी सावली राहत नाही. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

भुसावळचा_दादा:
दादा, ट्यूब वर्षभरात बदलाव्या लागतात, रंग उतरतो. आपल्याकडे मिळणार कुठे? त्यात उष्णता. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, आणि टाकी २५-२६ ला ठेवायची. एवढ्याशा पाण्यावर टी५ नकोच.

नंदुरबारी:
मग लाइट घेताच कशाला? खिडकीत ठेव. आपले आठे ऊन किती पडस, तुले माहीत शे ना?

तापीकाठ:
खिडकीत नका ठेवू. लहान टाकी दुपारी उकळून निघेल, शिवाय ऊन आपल्या हातात नसतं. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण जेवढं उडेल तेवढं आरओचं गोडं पाणीच भरा, मिठाचं नाही. मीठ उडत नाही, ते टाकीतच साचत जातं.

चाळीसगाव_मासे:
इन्व्हर्टरवर काय लावलंय? आमच्याकडे भारनियमनात गोल्डफिश मेले होते. आधी बॅटरीचा एअर पंप घ्या.

जळगाव_रीफ:
कृपया लाइटवर बोला. टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. झोआ, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर, सगळे प्रवाळच. पुढे अ‍ॅक्रोपोरा (कठीण प्रवाळ) ठेवायचाय.

तापीकाठ:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. म्हणजे चाळीसेक लिटर पाणी. मश्रूमला ५० पार (PAR, प्रवाळाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, झोआला साधारण १०० पर्यंत, लेदरला थोडा जास्त. त्याला १६५ वॉट म्हणजे भाजून काढणं. प्रकाश एकदम वाढला तर प्रवाळ झूझँथेली बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तीस-चाळीस वॉटचा, निळा-पांढरा वेगळा कमी-जास्त करता येणारा रीफ एलईडी घ्या. वॉटपेक्षा डिमर महत्त्वाचा. फोनच्या लक्स अ‍ॅपवर जाऊ नका, निळ्या प्रकाशात ते चुकीचे आकडे देतात.
अ‍ॅक्रोपोराचं मात्र सोडा. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोणी विकत असेल तर तिथून काहीच घेऊ नका.

चाळीसगाव_मासे:
चाळीस लिटरमध्ये गप्पी ठेवा, सुखी राहाल.

धुळे_जुना:
डिमर, चॅनल, सगळं बिघडतं. ट्यूब बिघडत नाही.

जळगाव_रीफ:
ठीक आहे, तीस-चाळीस वॉटचा मागवतो. किती उंचीवर लावू, किती तास? आल्या आल्या फुल केला तर चालेल का?

तापीकाठ:
फुल अजिबात नको. पाण्यापासून आठ-नऊ इंचांवर टांगा, तीस टक्क्यांवर सुरू करा, निळा जास्त, पांढरा निम्म्याहून कमी. टायमर लावून रोज आठ तास. दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. झोआच्या माना आखडल्या आणि रंग टिकून राहिला तर तिथेच थांबा. रंग फिकट पडू लागला तर टक्के कमी करा किंवा लाइट दोन इंच वर घ्या. लेदर चार-पाच दिवस मिटून राहिला, अंगावर मेणासारखा पापुद्रा आला, तरी घाबरू नका. तो कात टाकतो. पंप त्याच्याकडे थोडा वळवा, पापुद्रा निघून जाईल. आणि शनिवारच्या आधी खारेपणा मोजून इथे टाका, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवं. माना लाइटमुळेच लांबल्या असतील, पण झोआ मिटण्याचं कारण खारेपणाही असू शकतो.