पॅनल वाढवायच्या आधी रात्री पूल झाका

एका पोस्टमध्ये म्हटलंय की नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या पाणी तापवणाऱ्या सोलर पॅनलनी पोहण्याचा पूल गरम राहत नाही, अजून चार बसवा. पॅनलचं क्षेत्रफळ पूलच्या निम्म्याहूनही कमी असेल तर पटतं मला, पण आधी रात्री काय होतंय ते तरी बघा. आमचा मखमलाबादला ८ बाय ४ मीटरचा पूल आहे, साधारण ४०,००० लिटर, वर काळे बिनकाचेचे प्लॅस्टिकचे पॅनल, आंघोळीच्या सोलरसारख्या काचेच्या नळ्या नाहीत कारण २७-२८ अंशांसाठी त्या लागतच नाहीत. डिसेंबरात दिवसभरात दोनेक अंश चढायचे आणि सकाळी बघावं तर बहुतेक सगळे गेलेले.

मग एका संध्याकाळी टाइलवर पाण्याच्या पातळीची खूण केली, सकाळी पाणी ३ मिलिमीटर खाली, म्हणजे जवळजवळ १०० लिटरची वाफ! एक लिटरची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे kWh) उष्णता जाते, म्हणजे रात्रीत ६५ युनिट, आणि आमचं पाणी एक अंश तापवायला ४६-४७ युनिट लागतात, म्हणजे जवळपास दीड अंश नुसता वाफेतच गेला ना. आपल्याकडची थंडीतली हवा कोरडी, त्यात वारा असला की अजूनच. आता ऊन उतरलं की लगेच बबल कव्हर (पाण्यावर तरंगणारं बुडबुड्यांचं प्लॅस्टिक) टाकतो, बुडबुडे पाण्याच्या बाजूला, पातळी हलत नाही म्हणजे गळतीही नव्हती हे कळलं, आणि पॅनल तेवढेच आहेत तरी मुलं जानेवारीत पोहतायत.