पेन्सिल्व्हेनिया (अमेरिका), अध्यक्षीय निवडणूक २०२४: टपाली मतपत्रिका भरली, आता मन डळमळतंय

प्रश्न: अध्यक्षपदाच्या उमेदवारासमोरचा गोल भरून पाकीट चिकटवलंय, पोस्टात टाकलेलं नाही. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात उमेदवार नकोसा झालाय. बदलता येईल?

उत्तर १: येईल. ५ नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाच्या दिवशी, मतपत्रिका आणि सहीचं बाहेरचं पाकीट, दोन्ही घेऊन आपल्या केंद्रावर जा. ती जमा करून, प्रतिज्ञापत्रावर सही घेऊन नेहमीसारखं मत देऊ देतात. पाकीट घरी राहिलं तर प्रोव्हिजनल (तात्पुरती) मतपत्रिका देतात. ती नंतर पडताळून मोजतात.

उत्तर २: आत्ता फोडून खाडाखोड मात्र नको. दोन गोल भरलेले दिसले की त्या पदाचं मत गेलंच.

उत्तर ३: आणि एकदा मतपत्रिका काउंटीकडे (जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाकडे) परत दिली की खेळ खल्लास, मग मन कितीही फिरो. टपालानेच पाठवणार असाल तर ५ नोव्हेंबरच्या रात्री ८ च्या आत पोचायला हवी. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख धरत नाहीत.