झेडपीच्या कामाचं बिल पीएफच्या कागदांवर अडकलंय, काय काय जोडायचं?

करवीर_बांधकाम: नमस्कार मंडळी, करवीर तालुक्यात झेडपी शाळेच्या खोल्यांचं काम घेतलंय, पहिलंच सरकारी काम. आरए बिल (झालेल्या कामापुरतं टप्प्याचं बिल) टाकलं तर हजेरीपत्रक, पगारपत्रक, पीएफचं चलन जोडा म्हणाले. माझी माणसं आठ, सेंट्रिंगचा मुकादम त्याची पंधरा घेऊन येतो, त्याला मी स्क्वेअर फुटावर पैसे देतो. त्याच्या माणसांचा पीएफ पण मीच भरायचा काय? त्याच्याकडं पीएफचा नोंदणी कोड नाही.

हिशोबवाला_शाहूपुरी: होय भावा, ती पण तुझ्यातच धरतात, ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही पीएफला कामगारच असतो. वीस माणसं झाली की पीएफ लागू, आणि एकदा लागू झालं की पुढं माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. रोजंदारीवाल्याचा पण पहिल्या दिवसापासून. समजा महिन्याची मजुरी 14,000 झाली तर 12 टक्के म्हणजे 1,680 त्याचे, तेवढेच तुझे, शिवाय प्रशासन आणि विम्याचा अर्धा-अर्धा टक्का तुझाच. मुकादमाच्या माणसांचं जे भरशील ते त्याच्या बिलातून वळतं करता येतं, पण ते आधी बोलून घे.

साईट_सुपरवायझर: नुसतं चलन जोडू नको, त्यात फक्त एकूण रक्कम दिसते. ईसीआर जोड, म्हणजे पीएफला भरलेली महिन्याची माणसागणिक यादी, त्यात नावं आणि यूएएन (प्रत्येकाचा पीएफ नंबर) असतात आणि साहेब लोक तीच मस्टरशी, म्हणजे हजेरीपत्रकाशी, लावून बघतात. आमच्या एका कामात मस्टरवर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’, तेवढ्यावर बिल परत आलं, म्हणून पहिल्या दिवशीच आधार बघून नाव लिही. नवीन यूएएनला उमंग ॲपवर चेहरा दाखवावा लागतो, तो माणूस साईटवर असतानाच करून घे, गावाकडं गेला की सापडत नाही. भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 15.

करवीर_बांधकाम: मुकादम म्हणतो पोरांना पैसे पूर्ण हातात पाहिजेत, कापलेले चालत नाहीत.

साईट_सुपरवायझर: मग पोरांशी तूच बोल, मुकादमावर सोडू नको. स्लॅबवरनं माणूस पडून दगावला आणि पीएफला त्याचं नाव असलं तर घरच्यांना विम्याचे 7 लाखापर्यंत मिळतात, हे त्यांना कुणी सांगतच नाही. आणि बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो तू मस्टर बघून देऊ शकतोस. बिलातनं 1 टक्का सेस (उपकर) कापतात तो त्याच मंडळाला जातो, मग आपल्या पोरांना त्याचा फायदा मिळायलाच पाहिजे की.