वसाहती थांबल्याशिवाय सीमेची बोलणी कशी होणार?

सह्यपठार
इस्रायल-पॅलेस्टाइन वादात वसाहतींचा (१९६७ च्या युद्धात व्यापलेल्या जमिनीवर इस्रायलने उभारलेल्या वस्त्यांचा) प्रश्न 'शेवटी पाहू' म्हणून मागे ठेवला गेला, आणि माझ्या मते शांतता प्रक्रियेचा घात तिथेच झाला. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारात सीमा, जेरुसलेम, निर्वासित आणि वसाहती हे विषय पुढच्या बोलण्यांवर सोडले. तेव्हा पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेतल्या (जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या) वसाहतींत साधारण एक लाख दहा हजार इस्रायली राहत होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत. वाटणीचा दावा कोर्टात चालू असताना एका भावाने वादातल्या वावरात विहीर खणावी, घर बांधावं, तसं हे झालं. १९९५ मध्ये वेस्ट बँकेचे अ, ब, क असे विभाग केले, तेही तात्पुरते. 'क' म्हणजे सुमारे ६० टक्के जमीन अजून पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेम आणि माले अदुमिम ही वसाहत यांच्यामधल्या ई-वन पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. ती उभी राहिली तर उत्तरेकडचं रामल्ला आणि दक्षिणेकडचं बेथलेहेम या पॅलेस्टिनी शहरांच्या बाजूंना जोडणारी मोकळी जमीनच उरत नाही. ज्यांना दोन राष्ट्रांचा तोडगा हवा आहे, त्यांनी बांधकाम थांबवण्याची अट पहिली घातली पाहिजे.

खारेवारे
असहमत. भावांची उपमा दिलीत, पण एक भाऊ दुसऱ्याचा हक्कच मानत नव्हता, हे सोडून दिलंत. १९४७ चा फाळणीचा ठराव अरबांनी नाकारला. १९६७ पर्यंत वेस्ट बँक जॉर्डनकडे होती, तिथे एकही इस्रायली वसाहत नव्हती. तेव्हा शांतता होती का? २००५ मध्ये इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान शेरॉन यांनी गाझातल्या सगळ्या २१ वसाहती उठवल्या, आपल्याच माणसांना सैन्य लावून घराबाहेर काढलं. दोन वर्षांत तिथे हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेची सत्ता आली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने ज्या सुमारे बाराशे जणांना मारलं, ते वसाहतींत नव्हे, इस्रायलच्या मान्य हद्दीत मारले गेले.

सह्यपठार
@खारेवारे, त्या दिवसाचं समर्थन कुणीच करू नये, मी तर नाहीच करणार. पण गाझातून माघार एकतर्फी होती. समोर पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास होते, त्यांच्याशी करार करून जमीन सोपवली असती तर 'बोलण्यांतून मिळतं' हे त्यांना आपल्या लोकांना दाखवता आलं असतं. हमासला 'आमच्या बंदुकीमुळे गेले' म्हणायची संधी मिळाली. याउलट इजिप्तला परत दिलेलं सिनाई पाहा. १९७९ चा करार झाला, १९८२ मध्ये यामित ही वसाहत पाडली, आणि इजिप्तशी त्यानंतर एकही युद्ध झालेलं नाही. हक्क मानण्याबद्दल म्हणाल, तर १९९३ मध्ये पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना लेखी पत्र देऊन इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं आहे.

अश्दोदकर
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घराणं मूळचं अलिबागकडचं. इस्रायलमधून लिहितो आहे. सगळ्या वसाहती एका मापाने मोजू नका. मोदीइन इलितसारख्या मोठ्या वस्त्या हरित रेषेला (१९६७ आधीच्या सीमारेषेला) लागून आहेत. त्या इस्रायलकडे ठेवून बदल्यात दुसरीकडची जमीन द्यायची, हे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या डिसेंबर २००० च्या सूत्रातही होतं. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनीही तसाच नकाशा अब्बास यांच्यापुढे ठेवला. सही झाली नाही. डोंगरावरच्या परवानगीशिवाय उभारलेल्या चौक्या मात्र वेगळ्या. त्या इस्रायली कायद्यानेही बेकायदेशीर आहेत आणि शेजारच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना होणारा त्रास मला मान्य नाही. पण ज्या डोंगरांवरून बेन गुरियन विमानतळ नजरेत येतो, ते कुणाच्या भरवशावर सोडायचे? रॉकेटचा भोंगा वाजला की मुलांना उचलून धावतो आम्ही.

तळटीप
कायद्याची बाजू कुणीच मांडली नाही. चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४९ सांगतं की व्यापलेल्या प्रदेशात आपली लोकसंख्या वसवता येत नाही. डिसेंबर २०१६ चा सुरक्षा परिषदेचा वसाहती बेकायदेशीर ठरवणारा ठराव २३३४ चौदा विरुद्ध शून्य मतांनी झाला, अमेरिका तटस्थ राहिली. १९ जुलै २०२४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तसंच सल्लागारी मत दिलं. रेषेला लागून असलेली वस्तीही त्यातून सुटत नाही. २००८ बद्दल सांगायचं तर ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पायउतार होण्याच्या बेतात होते. त्यांनी दिलेला शब्द पुढचं सरकार पाळेल याची हमी नव्हती.

खारेवारे
हमी कुणाकडेच नसते. आणि बांधकाम थांबवण्याची तुमची अट एकदा पाळून झाली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये नेतान्याहू यांनी दहा महिने नवीन बांधकाम थांबवलं. अब्बास थेट बोलणी करायला आले सप्टेंबर २०१० मध्ये, मुदत संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा.

सह्यपठार
उशीर झाला, तो अब्बास यांचा दोष मानतो. पण त्या बंदीत पूर्व जेरुसलेम नव्हतं, आणि आधीच सुरू झालेली हजारो घरं बांधली जातच होती. मी म्हणतो ती अट अशी: पूर्व जेरुसलेमसह सगळीकडे, नकाशावर सही होईपर्यंत, मुदतीशिवाय. अश्दोदकर, डोंगरांच्या सुरक्षेचा तुमचा मुद्दा खरा आहे. त्यासाठी ठरावीक वर्षं आंतरराष्ट्रीय फौज ठेवता येईल, क्लिंटन यांच्या सूत्रातही तशी तरतूद होती. सैनिकांची तुकडी कराराने मागे घेता येते. तिथे शाळा, बालवाड्या आणि तिसरी पिढी उभी राहिली, की ते कुठल्या सरकारला जमणार आहे?