वाइन ओतताना थरथरणारा हात : 'दुसरा अंक' बघताना तुम्ही हसलात का?

कोपऱ्यातली खुर्ची
फ्रेंच दिग्दर्शक कांतँ द्युपिए यांचा 'ल दझियेम आक्त', म्हणजे 'दुसरा अंक', काल घरी चौघांनी मिळून पाहिला. २०२४ च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती. लांबी जेमतेम ८० मिनिटं. संपल्यावर आमच्यात जो वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. पुढे कथानक उघड केलं आहे. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून या.

माळावर एकटंच एक हॉटेल, त्याचं नाव 'दुसरा अंक'. फ्लॉरेन्स (लेआ सेदू) वडिलांना (व्हँसाँ लँदों) तिथे घेऊन येते, आपला प्रियकर दाखवायला. प्रियकराला (लुई गारेल) ती नकोशी झाली आहे, म्हणून त्याने तिला भुरळ घालायला मित्रालाच (राफाएल केनार) आणलंय. ही झाली चित्रपटातल्या चित्रपटाची गोष्ट. नट मधेच भूमिका सोडतात, भांडतात, एकमेकांना 'जपून बोल, शूटिंग चालू आहे' म्हणून दटावतात. आणि हा चित्रपट लिहिणारी, दिग्दर्शित करणारी आहे कृत्रिम बुद्धिमत्ता.

हॉटेलातला वेटर म्हणजे एक एक्स्ट्रा (मान्युएल गियो). त्याला काम एवढंच, ग्लासात वाइन ओतायची. समोर चार मोठे नट. त्याचा हात इतका थरथरतो की वाइन ग्लासात पडतच नाही. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. आम्ही पोट धरून हसलो. मग तो बाहेर गाडीत जाऊन बसतो आणि स्वतःवर गोळी झाडतो. थोड्या वेळाने कळतं की तेही शूटिंगच होतं. तोवर मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली होती, आणि ते शूटिंग होतं हे कळूनही ती गेली नाही. माझं म्हणणं, दिग्दर्शकाने आपल्याला मुद्दाम तिथे आणून सोडलंय. घरातल्या बाकी तिघांना वाटतं की त्याने एका दुबळ्या माणसाची फक्त थट्टा केली.

रोखठोक
तिघांच्या बाजूने माझं मत धरा. या दिग्दर्शकाचा 'रबर' (२०१०) मी पाहिलाय. त्यात मोटारीचं टायर माणसं मारत फिरतं आणि सुरुवातीलाच सांगून टाकतात की यामागे काही कारण नाही. 'कारण नाही' हे एकदा चालतं. इथे आत्महत्येलाही 'शूटिंग होतं' म्हणून पुसून टाकलंय. पडद्यावर माणूस मरतो तेव्हा त्याचं वजन तुम्ही पेललं पाहिजे.

आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय केलंय? लॅपटॉपवर एक गुळगुळीत चेहरा, ठरीव सभ्य उत्तरं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, त्यांच्या मागण्यांत हा प्रश्न अगदी पुढे होता. इतक्या जिव्हाळ्याच्या विषयावर एवढंच?

पॅरिसनिवासी
चित्रपट १४ मे रोजी, उद्घाटनाच्याच दिवशी, फ्रान्सभर लागला होता. मी त्याच आठवड्यात थिएटरात पाहिला. लँदोंच्या प्रसंगाला सगळ्यात मोठा हशा. जग बुडायला आलंय आणि आपण अभिनय काय करत बसलोय, म्हणून तो चिडून निघालेला असतो. तेवढ्यात अमेरिकेचे दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन त्याला चित्रपटात घेणार असल्याचा फोन येतो आणि जगाची सगळी काळजी विरघळून जाते. लँदोंना २०१५ मध्ये कानलाच उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळालाय, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला ते जास्तच लागतं.

वेटरच्या प्रसंगात मात्र हशा हळूहळू विरत गेला. माझ्या शेजारच्या बाई तर उठून गेल्या. यामागची एक गोष्ट सांगायला हवी. महोत्सवाच्या तोंडावर, मेच्या सुरुवातीला, फ्रान्समधल्या चित्रपट महोत्सवांत कंत्राटावर राबणाऱ्यांनी संपाची हाक दिली होती. त्यांच्या संघटनेचं नाव 'सू लेझेक्रां ला देश', म्हणजे 'पडद्यांखाली कंगाली'. फ्रान्समधल्या मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनातली 'फरसबंदीखाली समुद्रकिनारा' ही घोषणा त्यांनी फिरवून घेतली. नट आणि तंत्रज्ञांना दोन कामांच्या मधल्या काळात जो बेकारी भत्ता मिळतो, त्या योजनेत तेव्हा यांतल्या बहुतेकांना जागा नव्हती. त्या आठवड्यात तो थरथरणारा हात मला नुसता विनोद वाटणं शक्यच नव्हतं.

रोखठोक
संप बाहेर होता, चित्रपटात नाही. तुम्ही बाहेरचं आत नेऊन ठेवताय.

पॅरिसनिवासी
प्रेक्षक बाहेरूनच येतो ना?

ट्रॉलीवाला
मी शूटिंगला कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे ट्रॅक, म्हणजे रूळ, टाकतो, बारा वर्षं झाली. शेवटच्या शॉटबद्दल अजून कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. सुरुवातीला दोघं मित्र चालत बोलत येतात, तो लांबच लांब शॉट तुम्हाला आठवत असेल. कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकत राहतो. आणि शेवटी पडद्यावर नुसते रूळ. माणूस नाही, संवाद नाही, कॅमेरा त्या रुळांवरून जातोय, जातोय. घरी सगळे उठले, मी एकटा बसून होतो.

ट्रॅक माळावर टाकायचा म्हणजे काय ते सांगतो. जमीन कुठेच सपाट नसते. खाली फळ्या, पाचरी, दर थोड्या अंतरावर लेव्हल लावून बघायचं. एक सांधा जरी वर राहिला तरी फ्रेमला धक्का बसतो. नट यायच्या आधी आमचं काम संपलेलं असतं आणि पडद्यावर रूळ दिसला तर ती चूक धरतात. या चित्रपटाने तोच रूळ शेवटी दाखवला. मशीन चित्रपट लिहील, दिग्दर्शनही करेल असं त्यात म्हणतात, पण ट्रॅक कुणीतरी वाकूनच टाकलेला आहे.

आणि एक्स्ट्राचा हात खरंच थरथरतो. मी पाहिलाय. उरलेले सगळे तेव्हा मोबाइलमध्ये बघतात.

मधली रांग
मी हसले नाही, पण लाजही वाटली नाही. कंटाळा आला. तेच ते 'हे खरं नाही, तेही खरं नाही'. आपल्या नाटकात दुसऱ्या अंकात पहिल्या अंकाचं देणं फेडावं लागतं. इथे फेडलं कुणी?

कोपऱ्यातली खुर्ची
ट्रॉलीवाला, तुमचं लिहिलेलं आज घरी वाचून दाखवलं. तो शॉट मी दोन मिनिटांत बंद केला होता, श्रेयनामावली आली असं समजून. रात्री तेवढाच पुन्हा लावतेय.

रोखठोक
रुळांचा शॉट चांगला आहे, मान्य. पण वेटरसाठी तो उशिरा आला. त्याच्या हातातली बाटली कुणी काढून घेतली असती तर मी या चित्रपटाच्या बाजूने भांडलो असतो.