मुलगी स्ट्रायकर आहे, परदेशात खेळायचं म्हणते. पैसे भरू का?

सिडकोची_आई:
मुलीला १६ वं चालू आहे, यंदा दहावी झाली. सातवीपासून फुटबॉल खेळते, पुढेच खेळते. भारताच्या मनीषा कल्याणचा ब्राझीलविरुद्धचा गोल तिने इतक्यांदा लावलाय की आता स्वयंपाक करताना कॉमेंट्री ऐकूनच मला कळतं, बॉल कुठे आहे ते.

गेल्या महिन्यात एका स्पर्धेत एकजण भेटला. युरोपातल्या क्लबमध्ये तीन आठवड्यांची ट्रायल, खेळ आवडला तर लगेच करार, असं म्हणतो. खर्च साडेतीन लाख, त्यातले पन्नास हजार महिनाअखेरपर्यंत भरायचे. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, एफडी मोडू म्हणतात. माझा जीव धजावत नाही. पण माझ्या भीतीपायी पोरीची संधी जायला नको, हेही डोक्यातून जात नाही. यातलं कोणाला माहीत असेल तर सांगा.

गोदाकाठ:
स्वप्न मोठं म्हणून घाबरू नका. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आली. पैशांचं मात्र जाणकाराला विचारूनच ठरवा.

नऊ_नंबर:
ताई, पन्नास हजार भरू नका. आधी एवढं करा, बाकीचं सावकाश वाचा.

फिफाच्या नियमाप्रमाणे १८ च्या आतल्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाता येत नाही. अपवाद आहेत, म्हणजे आईवडीलच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले वगैरे. पण तुम्ही सिडकोत राहता, मुलगी इथलीच. म्हणजे सोळाव्या वर्षी ‘लगेच करार’ होऊच शकत नाही. त्या माणसाकडे दोनच गोष्टी मागा: क्लबच्या अधिकृत मेलवरून आलेलं पत्र आणि त्याचा फिफाचा एजंट परवाना.

आता ज्या गेल्या त्या कशा गेल्या, ते बघा. बाला देवीने स्कॉटलंडच्या रेंजर्सशी जानेवारी २०२० मध्ये १८ महिन्यांचा करार केला, तेव्हा ती तिशीला टेकली होती. त्याआधी कितीतरी वर्षं ती भारताकडून खेळत होती, गोल करत होती. तिथे गेली आणि दोन महिन्यांत कोविडने लीगच थांबली. पहिला गोल डिसेंबरात झाला, मदरवेलविरुद्ध, बदली म्हणून उतरून. मनीषा इथे गोकुलम केरळकडून इंडियन विमेन्स लीग खेळली, मग २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनने घेतलं आणि त्याच ऑगस्टमध्ये ती युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. ही मजल मारणारी पहिली भारतीय. पुढे ग्रीसचा पाओक, मग पेरूचा आलियान्झा लिमा. तुमची लेक जो गोल बघते तो नोव्हेंबर २०२१ चा. आपण ६-१ ने हरलो होतो, पण आठव्या मिनिटाला ब्राझीलशी बरोबरी साधणारी पोर जगाला दिसली. दोघींचा खेळ आधी इथे दिसला, मग तिकडून बोलावणं आलं.

म्हणून तुमचा रस्ता असा: शाळा-कॉलेजकडून सुब्रोतो कप ही शालेय स्पर्धा, जिल्हा, मग राज्याचा संघ. मोठ्यांची राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडकासाठी असते. तिथे लीगवाल्या क्लबांची नजर असते. दर सामन्याचं चित्रीकरण ठेवा, नुसत्या गोलांचं नको, पूर्ण नव्वद मिनिटांचं. बॉल पायात नसताना स्ट्रायकर कुठे पळते, हे प्रशिक्षकाला बघायचं असतं.

आणि गुडघा. हे मी हात जोडून सांगते. मी १९ ची होते, एका स्पर्धेत मैदान नांगरल्यासारखं होतं. वळताना आतून ‘कट्’ असा आवाज आला, बाजूच्या पोरीलाही ऐकू गेला. मुका मार आहे म्हणून दोन आठवड्यांनी मला परत उतरवलं. त्यानंतर नाशिक रोड स्टेशनच्या जिन्यावर पंचवटी एक्स्प्रेस पकडायला धावले आणि गुडघा जागेवरून सरकला. एमआरआय तेव्हा काढला, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, पूर्ण तुटलेलं. पाय बरा झाला, पण तो वेग परत आला नाही. बाला देवीलाही स्कॉटलंडमध्ये गुडघ्यानेच गाठलं होतं. तिच्यामागे मोठ्या क्लबचे डॉक्टर होते, म्हणून तिशी ओलांडून ती पुन्हा भारताकडून खेळली. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते. त्यासाठी ‘फिफा ११ प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे, जेमतेम वीस मिनिटांचा, व्हिडिओ फुकट मिळतात. सरावाआधी दर वेळी करायलाच लावा. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, ते तुम्ही स्वतः समोर उभं राहून बघा.

ते पन्नास हजार ठेवा. चांगले बूट, अंडी-दूध, मुंबई-पुण्याच्या ट्रायलची तिकिटं आणि वेळ आली तर फिजिओ, यालाच लागतील.

सिडकोची_आई:
त्याला परवाना विचारला. आधी म्हणाला पाठवतो, आता फोन उचलत नाही. मिस्टरांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, एफडी मोडत नाही. काल गच्चीत तिला उड्या मारायला लावल्या. उजवा गुडघा आत जातो, मला स्पष्ट दिसलं. काय करू?

नऊ_नंबर:
घाबरू नका, या वयात सुधारतं. डाव्या पायाने मारते का?

सिडकोची_आई:
नाही, सगळं उजव्यानेच.

नऊ_नंबर:
मग रविवारी सकाळी साडेसहाला घेऊन या, गंगापूर रोडला आमचा सराव असतो. व्यक्तिगत निरोप पाठवते. मैदानाच्या कडेला भिंत आहे, डाव्या पायाने शंभर पास तिथेच सुरू करू.